चोचीतला एक सेंटीमीटर

ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कड्यांमध्ये उन्हाळ्यात ‘लिटल ऑक’ नावाचा पक्षी घरटी करतो. लांबीला आपल्या साळुंकीहून थोडा कमी, अंगाने गुबगुबीत, काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पिल्लांच्या दिवसांत या पक्ष्याला रोज किती अन्न लागते, हे शास्त्रज्ञांनी एकदा मोजले. त्याच्या बुड्यांची नोंद घेणारी यंत्रे आणि त्याचे शरीर किती ऊर्जा जाळते याचा हिशोब, असे दोन्ही जोडून उत्तर आले : दिवसाला सुमारे ६० हजार कोपेपॉड.

कोपेपॉड म्हणजे समुद्रात तरंगणारा, झिंग्याच्या दूरच्या नात्यातला जीव. यातला जो जीव लिटल ऑकच्या खास आवडीचा, तो तांदळाच्या कणीएवढा. साठ हजार कणी, रोज. पाण्याखाली जेवढा वेळ हा पक्षी असतो तेवढ्यात गाठायच्या, तर दर सेकंदाला सुमारे सहा. आपण ‘एक’ म्हणेपर्यंत सहा.

आता आकडा जरा वाढवू. ग्रीनलंडच्या वायव्येला थुले भागात या पक्ष्यांची जगातली सर्वांत मोठी वस्ती आहे; तिथे सुमारे ३ कोटी जोड्या असल्याचा अंदाज आहे. म्हणजे ६ कोटी पक्षी. प्रत्येकाचे पोट तेवढेच धरले, तर एका दिवसाचा खुराक होतो ३ लाख ६० हजार कोटी कोपेपॉड. एका दिवसाचा, एका किनाऱ्यावरचा, एका जातीच्या पक्ष्याचा.

या कड्यांखालची जमीन आजूबाजूच्या टुंड्राहून वेगळी, गच्च हिरवी असते. समुद्रातले अन्न पक्ष्यांच्या पोटातून जाऊन विष्ठेच्या रूपाने डोंगरावर येते, त्या खतावर गवत वाढते, आणि त्या गवतावर हंस-बदके चरतात, कस्तुरी बैल चरतात. कोल्हे अंडी-पिल्लांसाठी घुटमळत असतात. माणूसही या साखळीत आहेच. इथले इनुघुइट लोक सीलच्या कातड्याच्या पिशवीत तीनशे ते पाचशे लिटल ऑक भरतात, पिशवी शिवतात, दगडांखाली कित्येक महिने मुरवतात आणि हिवाळ्यात, जेव्हा सूर्य उगवतच नाही, तेव्हा सणासमारंभाला ती उघडतात. ‘किविआक’ म्हणतात त्याला. समुद्रातल्या तांदळाच्या कणीपासून माणसाच्या जेवणापर्यंतची ही सलग वाट आहे.

आणि ही सगळी वाट उभी आहे ती चरबीच्या एका थेंबावर.

आर्क्टिकमधल्या कोपेपॉडच्या शरीरात तेलाची एक लांबट पिशवी असते. काचेसारख्या पारदर्शक अंगातून ती भिंगाखाली स्पष्ट दिसते. वर्षातले सात-आठ महिने खायला जवळजवळ काही नाही, म्हणून वसंतात भराभर खायचे, तेल साठवायचे आणि खोल पाण्यात जाऊन निपचित पडायचे, हे त्यांचे जगणे. या कुळातली एक जात थंड पाण्याची, कॅलॅनस ग्लेशिअॅलिस. दुसरी तिची सख्खी बहीण म्हणावी अशी, पण अटलांटिकच्या तुलनेने उबदार पाण्यात वाढलेली, कॅलॅनस फिनमार्किकस. दिसायला इतक्या सारख्या की त्या ओळखण्यात तज्ज्ञांचीही फसगत होते. पण उबदार पाण्यातली ही बहीण लहान, तिळाएवढी. आणि तिच्या अंगात चरबी साधारण दहावा हिस्सा.

अटलांटिकचे पाणी आता उत्तरेकडे अधिकाधिक आत शिरते आहे आणि त्याबरोबर हा तीळ कणीची जागा घेतो आहे. नुसत्या चरबीचा हिशोब धरला, तर साठ हजारांचे सहा लाख होतात. सेकंदाला सहाचे साठ. कोणत्याही पक्ष्याला हे जमणारे नाही. मग तो काय करतो? लांब जातो. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचे लिटल ऑक पिल्लाला घरट्यात ठेवून थंड पाण्याच्या शोधात शंभर किलोमीटरहून लांब उडत जातात आणि गळ्याखालच्या पिशवीत कोपेपॉड भरून परत येतात. समुद्र तितकाच भरलेला असतो, अन्न मोजायला गेले तर कदाचित संख्येने जास्तही असते. पण ते हलके झालेले असते.

हवामान बदलाचे आकडे वाचताना आपली एक सवय झाली आहे, असे मला वाटते. लाखो चौरस किलोमीटर, अब्जावधी टन, असे काही समोर आले की आपण दबकतो आणि पुढे जातो. आर्क्टिकमध्ये मात्र खरा घाव त्या अवाढव्य आकड्यांमधून बसतच नाही. तो बसतो अगदी बारीक आकड्यांतून. मिलिग्रॅमभर तेल. अर्धा दिवस. चोचीतला एक सेंटीमीटर. मोठे आकडे या बारीक आकड्यांच्या खुंटीला टांगलेले आहेत.

तरी मोठा आकडा आधी सांगून टाकतो, कारण त्याच्याशिवाय बाकीचे समजत नाहीत. १९७९ सालापासून उपग्रह आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ सातत्याने मोजत आहेत. हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये तो सर्वांत जास्त पसरतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी उरतो. १९७९च्या सप्टेंबरात तो सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होता. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे दोन भारत मावून वर जागा उरावी इतका. २०१२च्या सप्टेंबरात उरला ३४ लाख. दोनातला एक भारत गेला. उपग्रहांच्या नोंदींतली सर्वांत कमी बर्फाची १५ वर्षे काढली, तर ती सगळीच्या सगळी २००७पासूनची आहेत.

पसारा कमी झाला हे एक. जो उरला तो कोवळा उरला, हे त्याहून गंभीर. चार वर्षांहून जुना, अनेक उन्हाळे पचवलेला जाड बर्फ १९८५च्या मार्चमध्ये एकूण बर्फाच्या सुमारे एक तृतीयांश होता. २०१९च्या मार्चमध्ये तो उरला १.२ टक्के. घरातली सगळी वडीलधारी माणसे गेली आणि फक्त तान्ही मुले राहिली, तर ते घर कसे असेल, तसा हा बर्फ. उन्हाळा आला की तो टिकत नाही. आणि बर्फ गेला की खाली काळाभोर समुद्र उघडा पडतो. ताज्या हिमाने झाकलेला बर्फ उन्हाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. उघडा समुद्र नव्वद टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतो. १९७९ ते २०२१ या काळात आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापले, असे फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०२२मध्ये दाखवले, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. २० जून २०२० रोजी सैबेरियातल्या वेर्खोयान्स्क गावात ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हे गाव आर्क्टिक वर्तुळाच्या आत आहे. पुण्यात एप्रिलमध्ये हा आकडा कोणाला नवलाचा वाटणार नाही.

बर्फ आपल्याला निर्जीव वाटतो. तसा तो नाही. समुद्राच्या बर्फाच्या खालच्या अंगाला, पाण्याला टेकलेल्या बाजूला, शैवाल उगवते. तपकिरी रंगाचे, उलटे वाढणारे रान. वसंतात सूर्य परत आला की बर्फातून झिरपणाऱ्या अंधुक उजेडावर ते फुलते. कोपेपॉडची मादी हे खाऊन अंडी घालते. मग सुमारे दोन महिन्यांनी बर्फ फुटतो, मोकळ्या पाण्यात दुसरे शैवाल फुलते, आणि तोपर्यंत अंड्यांतून निघालेली पिल्ले नेमकी ते खायच्या वयाची झालेली असतात. आईचा हंगाम आणि बाळाचा हंगाम यांच्यातले हे दोन महिने फार मोलाचे. बर्फ लवकर फुटला तर हे अंतर आखडते, आणि ताट वाढलेले असताना बाळ अजून खायच्या वयाचे झालेले नसते.

समुद्रात अन्न कमी झाले, असेही सरसकट म्हणता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत आर्क्टिक महासागरातल्या सूक्ष्म वनस्पतींचे उत्पादन ५७ टक्क्यांनी वाढले. बर्फ हटला, ऊन आत आले, शेत वाढले. पण पीक कोणते, ते कधी तयार होते आणि खाणारा त्या दिवशी तिथे असतो का, हे प्रश्न त्या ५७ टक्क्यांत दिसत नाहीत.

ग्रीनलंडच्या ईशान्येला झाकेनबर्ग नावाचे संशोधन केंद्र आहे. १९९६पासून तिथे दर उन्हाळ्यात कोणते फूल कधी उमलले, कोणता कीटक कधी बाहेर पडला, कोणत्या पक्ष्याने अंडी कधी घातली याची नोंद ठेवली जाते. पहिल्या दहा वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा सरासरी काढली गेली : या घटना दशकात साडेचौदा दिवसांनी अलीकडे आल्या होत्या. काही तर तीस दिवसांनी. तिथला उन्हाळाच मुळी दोन-तीन महिन्यांचा. आपल्याकडे मृग नक्षत्र दहा वर्षांत दोन आठवडे अलीकडे सरकले असते, तर पेरणीचे काय झाले असते याचा विचार करून बघा.

पण सगळेच एकदम सरकले असते तर निभावले असते. गोची अशी की प्रत्येक जण वेगळे घड्याळ पाहतो. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगेरलुस्सुआकजवळ कॅरिबू, म्हणजे रानटी रेनडिअर, दर वसंतात किनाऱ्यापासून आत येऊन पिल्ले घालतात. त्यांच्या प्रवासाला दिवसाची लांबी इशारा देते. ती बदलत नाही. सूर्य आपल्या वेळेला पक्का. गवताला मात्र ऊब इशारा देते आणि ती बदलली आहे. कोवळा पाला आता लवकर फुटतो. कॅरिबू माद्या पोहोचतात तोवर तो निबर झालेला असतो. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे अंतर अवघ्या काही दिवसांचे होते. त्या काही दिवसांपायी कळपात जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या चौथाईवर आली होती.

या घड्याळांच्या गोष्टीतली मला सर्वांत चटका लावणारी हकिकत रेड नॉट पक्ष्याची आहे. हा किनाऱ्यावर फिरणारा पक्षी सैबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमीर द्वीपकल्पावर घरटी करतो आणि हिवाळ्याला पश्चिम आफ्रिकेत, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरच्या बां दार्ग्विनच्या चिखलात उतरतो. अंतर सुमारे नऊ हजार किलोमीटर. तैमीरवर बर्फ वितळण्याची तारीख उपग्रहांच्या छायाचित्रांतून ३३ वर्षे पाहिली गेली. ती दर वर्षी अर्धा दिवस अलीकडे येत होती. अर्धा दिवस! कोणाच्या लक्षात येणार? पण तेहतीस वर्षांत ते सोळा-सतरा दिवस झाले.

बर्फ वितळला की टुंड्रावर कीटकांचा महापूर येतो. पिल्लांनी त्या महापुराच्या ऐन भरात अंड्याबाहेर यायचे, असा हजारो वर्षांचा रिवाज. आता पिल्ले बाहेर येतात तेव्हा भर ओसरलेला असतो. ती उपाशी मरत नाहीत. कमी खातात, कमी वाढतात. लहान राहतात, आणि त्यांची चोच आखूड राहते.

मग ती नऊ हजार किलोमीटर उडून मॉरिटानियाला जातात. तिथल्या चिखलात त्यांचे मुख्य अन्न म्हणजे खोल रुतलेले शिंपले. चाळीस मिलिमीटरच्या चोचीला त्यातले सुमारे दोन तृतीयांश शिंपले सापडतात. तीस मिलिमीटरच्या चोचीला एक तृतीयांश. फरक एका सेंटीमीटरचा. आपल्या करंगळीच्या नखाएवढा. ज्यांची चोच पुरत नाही ते पक्षी समुद्री गवताची मुळे उकरून खातात, आणि पहिल्या वर्षी टिकून राहणाऱ्यांत त्यांची संख्या कमी भरते. आफ्रिकेत मेलेल्या त्या पक्ष्याच्या मरणाचे कारण आफ्रिकेत सापडत नाही. ते सापडते वर्षापूर्वी सैबेरियात बर्फ कोणत्या तारखेला वितळला त्या तारखेत. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. ते वाचले त्या दिवसापासून मी चोचींकडे पूर्वीसारखे बघू शकलेलो नाही.

कारण अशा चोची आपल्याकडेही येतात. शिवडीच्या आणि ऐरोलीच्या चिखलात, ठाणे खाडीच्या काठाने हिवाळ्यात गर्दी असते ती फ्लेमिंगो पाहणाऱ्यांची. फ्लेमिंगोंच्या पायांशी, भरतीच्या कडेकडेने जे मातकट रंगाचे बारके पक्षी तुरुतुरु धावत असतात त्यांच्याकडे फार कोणी दुर्बीण वळवत नाही. त्यांत छोटा टिलवा असतो. वजन पंचवीस-एक ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखरेइतके. त्यांतच बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर असतो. हे दोन्ही जन्मतात सैबेरियाच्या आर्क्टिक टुंड्रात. ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण या पाहुण्यांचे अर्धे आयुष्य त्या दर्जाच्या हद्दीपासून हजारो किलोमीटर दूर ठरते.

ते ठरवतो कोण? इतर गोष्टींबरोबर एक उंदीर. लेमिंग हा टुंड्रावरचा मुठीएवढा, झुबकेदार उंदीर. तो हिवाळ्यात झोपत नाही. बर्फाच्या जाड दुलईखाली, जमिनीलगतच्या पोकळीत राहतो, खातो, तिथेच पिल्लेही घालतो. बाहेर उणे तीस असले तरी दुलईखाली निभावते. दर तीन ते पाच वर्षांनी लेमिंगची संख्या अफाट वाढते आणि मग कोसळते. वाढीच्या वर्षी कोल्हे, घुबडे, शिकारी गल सगळे लेमिंगवर तुटून पडतात आणि पक्ष्यांची घरटी वाचतात. कोसळण्याच्या वर्षी तेच कोल्हे भुकेने घरट्यांकडे वळतात. तैमीरमधल्या कर्ल्यू सँडपायपरची पिल्ले कोणत्या वर्षी जास्त जगतात, हे म्हणूनच लेमिंगच्या चढउताराबरोबर बदलते. आपल्याकडच्या हिवाळी थव्यातली नवी पाखरे मोजताना आपण नकळत सैबेरियातले उंदीर मोजत असतो.

पूर्व ग्रीनलंडमध्ये हे चक्र २००० सालाच्या सुमाराला मोडले. हिवाळ्यात मधूनच ऊब येते, बर्फ वितळून पुन्हा गोठतो, दुलईचा पत्रा होतो. लेमिंगची मोठी वाढ होईनाशी झाली. त्याचा परिणाम हिमघुबडावर असा झाला की कारुपेल्व दरीत घरट्यातून उडणाऱ्या पिल्लांची संख्या ९८ टक्क्यांनी घटली. एक हिमघुबड वर्षाला सोळाशेपर्यंत लेमिंग खाऊ शकते. ज्याचे ताट इतके एकाच अन्नावर अवलंबून, त्याच्यासाठी हे चक्र मोडणे म्हणजे घर मोडणे.

पत्र्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०१३. रशियाचे यामाल द्वीपकल्प. तिथे नेनेत्स लोक पिढ्यान् पिढ्या रेनडिअरचे कळप घेऊन फिरतात. नोव्हेंबरात तिथे हिम पडायचे, पडला पाऊस. शेजारच्या बॅरंट्स आणि कारा समुद्रांत त्या वर्षी बर्फ कमी होता, उघड्या पाण्याची वाफ आणि ऊब हवेत चढली होती. पाऊस थांबला आणि कडाक्याची थंडी परतली. सगळ्या कुरणावर बर्फाचे झाकण बसले. रेनडिअर खुरांनी भुसभुशीत हिम उकरून खालचे दगडफूल खातात; हे झाकण त्यांना फुटेना. त्या हिवाळ्यात ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. एकूण २ लाख ७५ हजारांतले. दर पाचातला एक, त्याहून थोडे अधिकच. अन्न होते. खुरांच्या काही बोटे खाली होते. बर्फाच्या काचेतून कदाचित दिसतही असेल. आपल्या मराठवाड्यात दुष्काळात गुरांच्या छावण्या पाहिलेल्या माणसाला नेनेत्स पशुपालकाचा तो हिवाळा समजावून सांगायची गरज नाही.

आता या लेखातला मृत्यूंचा सर्वांत मोठा आकडा.

अलास्का आणि रशिया यांच्यामध्ये बेरिंग समुद्र आहे. त्याच्या पूर्व भागात स्नो क्रॅब नावाचा खेकडा राहतो. २०१८मध्ये तो नोंदीतला उच्चांक गाठून होता. २०२१पर्यंत त्यातले १० अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले. म्हणजे हजार कोटींहून जास्त. पृथ्वीवर माणसे आहेत आठशे कोटींच्या आसपास. पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त संख्येने एका समुद्राच्या एका भागातला एक प्राणी तीन वर्षांत संपला.

आधी शंका होती की खेकडे दुसरीकडे गेले असतील, किंवा मच्छीमारांनी जास्त पकडले असतील. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने कारण दिले : भूक. समुद्र तापला होता, पण त्याचे पाणी खेकड्याला सोसणार नाही इतके गरम कधीच झाले नव्हते! खेकडा जगू शकेल अशाच तापमानात ते होते. पण थंड रक्ताच्या प्राण्याचे शरीर पाण्याबरोबर तापते आणि तापले की जास्त अन्न मागते. पाणी शून्य अंशावरून तीन अंशांवर गेले की खेकड्याची गरज जवळजवळ दुप्पट होते. तीन अंश. संख्या आधीच उच्चांकावर, राहायची जागा आक्रसलेली, आणि प्रत्येकाचे पोट दुप्पट मोठे झालेले. त्यांनी समुद्रतळ खाऊन संपवला आणि मग ते संपले. ऑक्टोबर २०२२मध्ये अलास्काने या खेकड्याचा हंगाम इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवला. त्या खेकड्यावर चूल पेटणाऱ्या बंदरांमध्ये त्या वर्षी काय झाले असेल, हे कोकणातल्या कोणत्याही बंदरावरचा माणूस सांगू शकेल.

अलास्काच्याच आसपास त्याआधी, २०१४ ते २०१६च्या समुद्री उष्णतेच्या लाटेत, कॉमन मर नावाचे पक्षी मेले. किनाऱ्याला लागलेली प्रेते मोजली गेली ती सुमारे ६२ हजार. बराच काळ तोच आकडा भयंकर वाटत होता. पुढे वस्त्यांची पुन्हा मोजदाद झाली तेव्हा २०२४मध्ये कळले की मेलेले पक्षी ४० लाखांच्या आसपास होते. अलास्कातले जवळजवळ निम्मे. किनाऱ्यावर आलेले प्रत्येक प्रेत समुद्रात राहिलेल्या साठांहून अधिकांचे प्रतिनिधी होते.

प्रत्येक जण हरतोच असे नाही. पश्चिम अलास्काच्या टुंड्रावर १९५०च्या आसपास विमानांतून काढलेल्या छायाचित्रांत, ओढे अडवून तळी करणाऱ्या बीव्हर या प्राण्याचे एकही तळे दिसत नाही. आता उपग्रहांच्या छायाचित्रांत ११ हजारांहून अधिक मोजली गेली आहेत. ऊब आली, झुडपे वाढली, बीव्हर उत्तरेला सरकले आणि त्यांनी आपले काम केले : ओढे अडवले. पण तळ्याचे पाणी हिवाळ्यात तळापर्यंत गोठत नाही. तळ्याखालची, हजारो वर्षे गोठलेली जमीन सैल होऊ लागते. त्या गोठलेल्या जमिनीत जगभर मिळून साधारण दीड लाख कोटी टन कार्बन आहे, वातावरणात आहे त्याच्या सुमारे दुप्पट. बीव्हरचा यात काही दोष नाही. तो पूर्वीही धरणेच बांधत होता.

ध्रुवीय अस्वलाचे चित्र सगळ्यांनी पाहिले आहे, म्हणून त्याचे मोजकेच आकडे सांगतो. कॅनडाच्या पश्चिम हडसन उपसागरात १९८०च्या दशकात सुमारे बाराशे अस्वले होती. २०१६मध्ये ८४२. २०२१मध्ये ६१८. तिथे उन्हाळ्यात किनाऱ्यावर अडकलेल्या २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून पाहिले, तर त्यांनी बोरे खाल्ली, पक्षी खाल्ले, पोहून पाहिले, काही नुसती पडून राहिली. काहीही केले तरी वीसपैकी एकोणीस अस्वलांचे वजन घटले, दिवसाला सरासरी एक किलो. त्यांना हवी ती चरबी सीलमध्ये असते आणि सील बर्फावर असतो.

हे सारे समजते कसे, याचाही एक धागा आपल्यापर्यंत येतो. स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंद गावात, उत्तर ध्रुवापासून सुमारे बाराशे किलोमीटरवर, भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र १ जुलै २००८ला सुरू झाले. त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. २०१४मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या काँग्सफ्योर्डन खाडीत १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही निरीक्षण यंत्रणा नांगरली. ज्या खाडीत पूर्वी हिवाळ्यात बर्फ धरत असे तिथे २००६पासून बहुतेक हिवाळे उघड्या पाण्याचे गेले. खाडीतल्या किटिवेक पक्ष्यांच्या चोचीत पूर्वी बर्फाखाली वाढणारा पोलर कॉड असायचा. आता अटलांटिककडून आलेले कॅपेलिन आणि हेरिंग दिसतात. पक्षी तोच, कडा तोच, मासा बदलला.

मग आपला यात किती वाटा? हा प्रश्न सहसा इतका मोठा होऊन येतो की त्याचे उत्तर कोणी देत नाही. २०१६मध्ये डिर्क नोट्झ आणि ज्युलियन स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी तो फार सोपा केला. जगाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि सप्टेंबरमधला आर्क्टिक बर्फ हे दोन आकडे त्यांनी शेजारी ठेवले, तेव्हा ते जवळजवळ सरळ रेषेत उतरत होते. दर टनाला तीन चौरस मीटर बर्फ. सुमारे बत्तीस चौरस फूट.

एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला साधारण दोन टन येतात. म्हणजे चौसष्ट-पासष्ट चौरस फूट बर्फ. अमेरिकेतल्या माणसाच्या वाट्याला साधारण चौदा टन, म्हणजे साडेचारशे चौरस फूट. हा फरक विसरून आपण स्वतःला बोल लावून घ्यायचे कारण नाही. पण चार माणसांच्या भारतीय घराचा हिशोब मांडला, तर तो वर्षाला सुमारे २६० चौरस फुटांवर जातो. मुंबईत ज्या खोलीत आख्खे कुटुंब आयुष्य काढते, तेवढी एक खोली, दर वर्षी, छपरासकट.

या सरळ रेषेत एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कोणत्याही आकड्यात मला दिसलेली नाही. ती दोन्ही बाजूंनी चालते. न सोडलेल्या प्रत्येक टनाबरोबर तीन चौरस मीटर बर्फ सप्टेंबरपर्यंत जागेवर राहतो, आणि त्याच्या खालच्या अंगाला शैवाल उगवते.